ब्रायटन ते मार्सेल्स, गाडीने

ब्रायटन आणि मार्सेल्स या दोन्ही गावांची नावं मराठी माणसाच्या कानावर शाळेतच पडलेली असतात. ब्रायटनच्या किनाऱ्यावर १९०९ मध्ये सावरकरांना सागरावरची ती कविता सुचली आणि पुढच्याच वर्षी, ८ जुलै १९१० रोजी, मार्सेल्सच्या बंदरात त्यांनी 'मोरिया' बोटीतून समुद्रात उडी घेतली. या दोन गावांना जोडणारी दुसरी एक वाट मात्र फारशी कुणाला ठाऊक नसते. सप्टेंबर १९१४ मध्ये हिंदी फौजा मार्सेल्सला उतरल्या, तिथून रेल्वेने उत्तर फ्रान्समध्ये आघाडीवर गेल्या आणि जखमी झालेल्यांपैकी कित्येकांना इंग्लिश खाडी ओलांडून ब्रायटनच्या इस्पितळांत आणलं गेलं. हा प्रवास त्या वाटेने उलट्या दिशेने करायचा, असं ठरवून आखणी केली होती. समुद्रापासून समुद्रापर्यंत, वाटेतल्या वळशांसह साधारण पावणेतेराशे किलोमीटर.

एक निर्णय आधीच घ्यावा लागतो: पॅरिस टाळायचं. नकाशावर पॅरिसमार्गे रस्ता जवळचा वाटतो, पण शहराभोवतीच्या रिंगरोडवर उजव्या स्टेअरिंगची गाडी घेऊन शिरलं की वाचवलेला वेळ तिथेच जातो. कॅले–रँस–त्र्वा–दिजों–लिऑन हा पूर्वेकडचा रस्ता सलग हायवेचा आहे आणि वर्दळ कितीतरी कमी. शिवाय हिंदी सैनिकांचं स्मारक असलेलं न्यव्ह शापेल हे गाव त्याच वाटेला लागून आहे.

निघण्याआधी

भारतीय पासपोर्ट असेल तर ब्रिटनमध्ये कितीही वर्षं राहत असाल तरी फ्रान्ससाठी शेंगेन व्हिसा लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि उशिरात उशिरा १५ दिवस आधी. उन्हाळ्यातल्या वेळा भराभर संपतात, त्यामुळे तीन महिने हातात ठेवूनच सुरुवात करावी. फी ९० युरो, ६ ते ११ वर्षांच्या मुलांना ४५ आणि त्याहून लहानांना काही नाही. प्रवासविमा किमान ३०,००० युरोंचा हवा. पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला आणि परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने वैध हवा. विमानाचं तिकीट नसल्याने जाण्यायेण्याचा पुरावा काय द्यायचा, असा प्रश्न पडतो. बोगद्याचं किंवा बोटीचं दोन्ही बाजूंचं आरक्षण, गाडीच्या नोंदणीचा कागद (व्ही५सी), विम्याचं प्रमाणपत्र आणि रोजच्या मुक्कामाची यादी एवढं एकत्र जोडलं की चित्र स्पष्ट होतं.

परतीचा कागद लोक विसरतात. ब्रिटनमधला राहण्याचा परवाना आता ई-व्हिसा झाला आहे आणि तो पासपोर्टच्या क्रमांकाशी जोडलेला असतो. मधल्या काळात भारतीय पासपोर्टचं नूतनीकरण केलं असेल तर नवा क्रमांक आपल्या यूकेव्हीआय (ब्रिटिश व्हिसा विभागाच्या) खात्यात भरून ठेवा. नाहीतर परतताना कॅलेच्या खिडकीशी खोळंबा होतो.

लायसन्सचं म्हणाल तर भारतातल्या लायसन्सवर ब्रिटनमध्ये स्थायिक झाल्यापासून फक्त १२ महिने गाडी चालवता येते. पुढे ब्रिटिश परीक्षा द्यावीच लागते. ब्रिटिश फोटोकार्ड लायसन्स फ्रान्समध्ये जसंच्या तसं चालतं, आंतरराष्ट्रीय परवाना लागत नाही. लायसन्स मिळून तीन वर्षं झाली नसतील तर मात्र फ्रान्समध्ये वेगमर्यादा कमी असते (हायवेवर १३० ऐवजी ११०) आणि दारूची मर्यादा जवळजवळ शून्यावर येते. गाडी भाड्याची असेल तर ती देशाबाहेर न्यायची लेखी परवानगी आणि व्हीई१०३ हा दाखला भाड्याच्या कंपनीकडून आधीच मागून घ्यावा.

विम्याचं ग्रीन कार्ड आता लागत नाही, पण मेख वेगळीच आहे. घरी सर्वंकष विमा असला तरी परदेशात तो बहुतेकदा फक्त त्रयस्थाच्या नुकसानीपुरता उरतो. विमा कंपनीला फोन करून तारखा सांगा आणि पूर्ण संरक्षण त्या दिवसांपुरतं वाढवून घ्या. युरोपमधलं ब्रेकडाऊन कव्हरही त्याच फोनमध्ये उरकता येतं.

गाडीत काय हवं? चमकणारी जाकिटं प्रत्येक माणसागणिक एक, आणि तीही डिकीत नव्हे, सीटजवळ हात पोचेल अशी. कारण गाडीतून उतरण्याआधी ती अंगात घालायची असतात. त्रिकोणी धोक्याची पाटी. मागे 'यूके' अक्षरांचं स्टिकर (२८ सप्टेंबर २०२१ पासून जुनं 'जीबी' चालत नाही). आणि हेडलाइटवर लावायच्या चिकटपट्ट्या. ब्रिटिश गाडीचा प्रकाशझोत डावीकडे झुकलेला असतो, तो फ्रान्समध्ये समोरून येणाऱ्याच्या थेट डोळ्यांत जातो. नव्या गाड्यांत हा झोत सेटिंगमधून बदलता येतो, म्हणून पट्ट्या विकत घेण्याआधी गाडीचं पुस्तक उघडून बघा. पट्ट्याच लावायच्या तर काच स्वच्छ पुसून, कोरडी करून, घरच्या अंगणातच लावा. पावसात, बोगद्याच्या रांगेत त्या चिकटत नाहीत. कॅमेरा ओळखणारं यंत्र मात्र घरी ठेवा. फ्रान्समध्ये ते नुसतं जवळ बाळगणंही गुन्हा आहे आणि नकाशाच्या ॲपमधली कॅमेऱ्याची सूचनाही बंद करावी लागते.

शिदोरीचंही नीट बघावं लागतं. ब्रिटनमधून युरोपीय संघात मांस आणि दूधदुभतं नेता येत नाही. म्हणजे तूप, पनीर, दही, श्रीखंड, चिकनचं सँडविच, काहीच नाही. ताज्या भाज्या, फळं, कढीपत्ताही नको. चिवडा, चकल्या, शेंगदाण्याची चटणी, तेलातले ठेपले बिनधास्त घ्या.

तारखा ठरवताना बिझाँ फ्युते बघितल्याशिवाय काही पक्कं करू नका. फ्रेंच सरकारची ही वाहतुकीच्या अंदाजाची सेवा १९७६ पासून चालू आहे. ती वर्षभराच्या दिवसांना हिरवा, नारिंगी, लाल आणि काळा असे रंग देते. जुलै-ऑगस्टमधले शनिवार लाल किंवा काळे असतात आणि त्या दिवशी लिऑनच्या खाली ऱ्होन नदीच्या खोऱ्यात गाड्या मैलोन्‌मैल खोळंबतात. आमची निवड सप्टेंबरचा दुसरा आठवडा होती. शाळा सुरू झालेल्या, रस्ते मोकळे, दक्षिणेत ऊन अजून शाबूत.

पहिला दिवस: ब्रायटन – फोकस्टन – न्यव्ह शापेल – आरास

निघण्याच्या आदल्या संध्याकाळी ब्रायटनमध्ये दोन जागा बघाव्यातच. रॉयल पॅव्हिलियन या राजवाड्यात १९१४ च्या डिसेंबरपासून हिंदी सैनिकांचं इस्पितळ होतं. धर्म आणि जात सांभाळण्यासाठी तिथे नऊ वेगवेगळी स्वयंपाकघरं थाटली होती. वाड्याच्या दक्षिणेचं दगडी प्रवेशद्वार १९२१ मध्ये भारतीयांनी कृतज्ञता म्हणून दिलेलं आहे. दुसरी जागा गावाबाहेर पॅचमच्या वरच्या टेकडीवरची छत्री. इथे ५३ हिंदू आणि शीख सैनिकांना अग्नी दिला गेला. पांढऱ्या संगमरवराच्या त्या छत्रीचा आराखडा ई. सी. हेन्रिकेस या मुंबईच्या तरुण वास्तुविद्यार्थ्याचा. तिथपर्यंत गाडी जात नाही. खाली गाडी लावून कुरणातून अर्ध्या तासाची चढण आहे, आणि पाऊस होऊन गेला असेल तर बूट हवेत.

ब्रायटनहून फोकस्टनला जायचे दोन रस्ते. ईस्टबोर्न–हेस्टिंग्स–राय असा किनाऱ्याचा रस्ता अंतराने कमी, पण गावागावांतून अडखळत जाणारा. एम-२३, एम-२५, एम-२० हा वळसा दीडशे किलोमीटरचा असूनही पहाटे निघालात तर पावणेदोन तासांत पोचवतो. एम-२० वर ट्रकांच्या रांगांसाठी मधूनमधून मार्गिका बदललेल्या असतात. निघण्याआधी तेवढी चौकशी करून ठेवावी.

खाडी ओलांडायला पर्याय तीन. ब्रायटनला सगळ्यांत जवळची न्यूहेवन–दिएप बोट, चार तासांची. गाव सोडल्यावर पंधरा किलोमीटरवर धक्का, आणि तेवढे तास चालकाला झोप. न्यव्ह शापेल वगळायचं असेल तर हाच रस्ता उत्तम. डोव्हर–कॅले बोट दीड तासाची आणि बहुधा सगळ्यांत स्वस्त. तिसरा बोगदा: गाडी आगगाडीत चढवायची आणि ३५ मिनिटांत पलीकडे. आम्ही बोगदा निवडला तो न्यव्ह शापेलला दुपारचा सगळा वेळ मिळावा म्हणून. टपावर सामानाची पेटी असेल तर आरक्षण करतानाच उंची सांगा, कारण १.८५ मीटरच्या वरच्या गाड्या वेगळ्या, एकमजली डब्यांत जातात. एलपीजीवर चालणारी गाडी बोगद्यातून नेता येत नाही. आत गेल्यावर हँडब्रेक ओढायचा, गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवायची आणि काचा अर्ध्या खाली करायच्या.

फ्रेंच पोलिसांची तपासणी फोकस्टनलाच, इंग्लंडच्या भूमीवर होते. ऑक्टोबर २०२५ पासून टप्प्याटप्प्याने सुरू झालेल्या नव्या प्रवेश-नोंदणीमुळे चेहऱ्याचा फोटो काढला जातो, म्हणून गाडीच्या वेळेआधी दोन तास पोचावं. एकदा तिथून सुटलात की फ्रान्समध्ये उतरून थेट हायवेवरच येता, मध्ये कुणी विचारत नाही. घड्याळ एक तास पुढे करा.

पहिले दहा किलोमीटर जपून. हायवेवर सगळे एकाच दिशेने जात असल्याने उजवी बाजू आपोआप अंगवळणी पडते. घोटाळा होतो तो पेट्रोल भरून बाहेर पडताना, रिकाम्या गावात वळताना आणि सकाळी हॉटेलच्या आवारातून निघताना. रस्त्यावर दुसरी गाडी नसली की हात सवयीने डावीकडे वळतो. शेजारी बसलेल्याने प्रत्येक सुरुवातीला मोठ्याने 'उजवीकडे' म्हणावं, हा साधा नेम फार कामाचा आहे. ओव्हरटेक करतानाही समोरचं आधी शेजाऱ्यालाच दिसतं.

ए-२६ वर बेथ्यूनला उतरलं की सपाट शेतांचा मुलूख लागतो. बीट, बटाटा, मका. ला बासे–एस्तेर रस्त्यावरच्या ला बॉम्ब चौकात हिंदी स्मारक आहे. बाहेरून गोल भिंत, आत शिरल्यावर हिरवळ आणि १५ मीटर उंचीचा स्तंभ, माथ्यावर कमळ, पायथ्याशी दोन दगडी वाघ. ज्यांची थडगी सापडली नाहीत किंवा ज्यांना थडगं नव्हतंच, अशा ४,७०० हून अधिक जणांची नावं भिंतीवर कोरलेली आहेत. हर्बर्ट बेकरने केलेलं हे स्मारक ७ ऑक्टोबर १९२७ रोजी खुलं झालं. १० मार्च १९१५ ला इथे झालेल्या हल्ल्यात निम्मी फौज हिंदी होती.

नावं पलटणीनुसार लावलेली आहेत, त्यामुळे शोध सोपा जातो. मराठी माणसाने '३ सॅपर्स अँड मायनर्स' हे शीर्षक शोधावं. ही आपली खडकीची बॉम्बे सॅपर्स. २८ ऑक्टोबर १९१४ ला तिच्या २० आणि २१ क्रमांकाच्या कंपन्यांनी, ४७ व्या शिखांच्या जोडीने, न्यव्ह शापेल हे गाव घ्यायला हल्ला चढवला. सुरुंग लावणं आणि पूल बांधणं हे ज्यांचं काम, त्या सॅपर्सना पायदळासारखं घराघरांतून लढायला लावलं. त्यात या कंपन्यांची भयंकर हानी झाली. दगडातली अक्षरं बोटाने चाचपता येतात, उन्हात बारीक नावं वाचायला तिरपा प्रकाश बरा पडतो, म्हणून दुपारी चारनंतर जावं. हिरवळ कापणाऱ्या माळ्याने यंत्र बंद केलं, आमची नजर कुठे भिरभिरते आहे ते बघितलं आणि न बोलता दाराजवळच्या कपाटाकडे बोट दाखवलं. नावांची नोंदवही तिथे असते. स्मारकासमोर, रस्त्यापलीकडे, पोर्तुगीज सैनिकांची दफनभूमी आहे. तीही बघून घ्या. इथे खायला-प्यायला काही मिळत नाही, पाणी बरोबर असू द्या.

मुक्काम आरासला, तिथून पस्तीस-चाळीस किलोमीटरवर. दोन मोठे चौक, भोवती फ्लेमिश धाटणीची विटांची घरं. पहिल्या महायुद्धात हे सगळं ढिगारा झालं होतं आणि गावाने ते पुन्हा जसंच्या तसं उभं केलं. मोठ्या चौकाखाली वाहनतळ आहे, रात्रभर गाडी तिथेच ठेवावी. शनिवारी चौकात बाजार भरतो.

दुसरा दिवस: आरास – रँस – त्र्वा

सुमारे तीनशे किलोमीटर, जवळजवळ सगळे ए-२६ वर, आणि खरा टोल आजपासून सुरू. कॅले ते मार्सेल्स मिळून एका गाडीला साधारण शंभर युरो लागतात. पद्धत अशी: हायवेवर चढताना यंत्रातून तिकीट घ्यायचं, उतरताना किंवा टप्पा संपल्यावर अंतराप्रमाणे पैसे. अडचण एकच की यंत्र डावीकडे आणि आपलं स्टेअरिंग उजवीकडे. शेजारी माणूस असेल तर तिकीट आणि कार्ड त्याच्या ताब्यात द्या. एकटे असाल तर टेलिपेआजचा टॅग आधी मागवून काचेवर लावा आणि नारिंगी 't' ची मार्गिका धरा, फाटक आपोआप उघडतं. हिरवा बाण असेल तिथे सगळं चालतं. कार्ड नाकारलं गेलं तर घाबरून मागे जायचं नाही, मदतीचं बटण दाबायचं. आतला आवाज फ्रेंच बोलतो, पण 'कार्त' आणि 'प्रॉब्लेम' एवढं त्याला पुरतं.

वेग कोरड्या रस्त्यावर १३०, पाऊस लागला की ११०. गावांबाहेरच्या साध्या रस्त्यावर बहुतेक ठिकाणी ८०, गावात ५०. गावाची मर्यादा वेगळी लिहिलेली नसते. लाल काठाची, गावाच्या नावाची पाटी आली की ५० सुरू, तीच पाटी तिरक्या रेघेने खोडलेली दिसली की संपली. मर्यादेपेक्षा ४० किलोमीटरने जास्त वेगात सापडलात तर लायसन्स जागेवरच काढून घेतात. आणि जुन्या गावांतली उजवीकडच्याला वाट देण्याची रीत: चौकात कोणतीच पाटी नसेल तर उजव्या गल्लीतून येणाऱ्याचा हक्क पहिला, मग ती गल्ली कितीही चिंचोळी असो. पिवळ्या चौकोनी हिऱ्याची पाटी दिसते तोवर हक्क आपला.

रँसला कॅथेड्रलसाठी थांबा. फ्रान्सच्या राजांचे राज्याभिषेक इथे होत. सप्टेंबर १९१४ मध्ये तोफगोळ्यांनी छप्पर जळालं आणि १९३८ पर्यंत डागडुजी चालली. दर्शनी दारात डावीकडे हसरा देवदूत आहे, त्याचं डोकं त्या आगीत तुटून पडलं होतं. दुपारी बाराआधी जेवणाची जागा ठरवा. फ्रान्समध्ये हॉटेलांची स्वयंपाकघरं बारा ते दोन चालू असतात, अडीच वाजता भूक लागली तर बेकरीच गाठावी लागते.

शाकाहारी मंडळींसाठी: कीश, सॅलड, बटाट्याचे पदार्थ यांत डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे सर्रास असतात आणि पुष्कळांच्या लेखी ते मांस नसतंच. 'सां व्यांद, सां प्वासों, सां लार्दों' (मांस नको, मासे नकोत, ते तुकडेही नकोत) असं तिन्ही सांगून टाका. त्र्वाची खासियत म्हणून अंदुयेत सुचवली जाईल. तो डुकराच्या आतड्यांचा सॉसेज आहे, वास उग्र, ठरवूनच मागवावा.

त्र्वा हे या वाटेवरचं सगळ्यांत कमी बोललं गेलेलं आणि सगळ्यांत देखणं गाव. लाकडी चौकटींची घरं एकमेकांवर इतकी झुकलेली की 'मांजरांची गल्ली' नावाच्या बोळात वरचे मजले जवळजवळ टेकतात. आरासहून लवकर निघून संध्याकाळचे चार तास या गावासाठी राखा. सकाळच्या बेकरीत आधी 'बोंजूर', मग मागणी. नुसतं बोट दाखवून पाव मागितला तर काउंटरपलीकडची बाई थांबून राहते, आणि बोंजूर म्हटलं की कोणता पाव आत्ता भट्टीतून आला तेही सांगते.

तिसरा दिवस: त्र्वा – बोन

सव्वादोनशे किलोमीटर. ए-५ ने लांग्रपर्यंत, मग ए-३१ ने दिजों ओलांडून बोन. हा पट्टा इतका मोकळा की झापड येते. दर दोन तासांनी थांबा. नुसत्या विश्रांतीच्या थांब्यांवर झाडी, बाकं, स्वच्छतागृह असतं. पंप आणि दुकान फक्त मोठ्या थांब्यांवर, म्हणजे टाकी पाव उरली की पुढच्या पाटीची वाट बघू नये.

पंपावर नावं नीट वाचा. 'गाझोल' म्हणजे डिझेल. पेट्रोल एसपी९५-ई१० किंवा एसपी९८. 'ई८५' फार स्वस्त दिसतं, पण ते इथॅनॉल आहे, साध्या गाडीत भरायचं नाही. नळीवरच्या चिन्हात गोल असेल तर पेट्रोल, चौकोन असेल तर डिझेल. हायवेवर इंधन बरंच महाग. बाहेर पडून सुपरमार्केटच्या पंपावर भरलं तर फरक पडतो, फक्त तिथलं यंत्र आधी कार्डावर शंभर-दीडशे युरो अडकवून ठेवतं आणि उरलेले काही दिवसांनी सोडतं. डेबिट कार्डात तेवढी शिल्लक हवी.

गाडी बंद पडली तर काय करायचं ते इथेच सांगून ठेवतो. जाकिटं घाला, उजव्या दारांनी उतरा, कठड्यापलीकडे जा. हायवेवर त्रिकोण ठेवायला मागे चालत जायचं नाही, जिवावर बेतू शकतं. दर दोन किलोमीटरवर नारिंगी टेलिफोन आहे, नाहीतर ११२. आपल्या विमा कंपनीचा टो ट्रक हायवेवर येऊ शकत नाही. तिथे अधिकृत गाडीच येते, सरकारी दराने ओढून बाहेर नेते, आणि विमा कंपनीचं काम त्यानंतर सुरू होतं. पावती जपा.

बोनमधलं ओतेल-द्यू हे १४४३ मध्ये गरिबांसाठी उभारलेलं इस्पितळ. रंगीत, झिलईदार कौलांचं छप्पर, आत लाल पडद्यांच्या खाटांची लांब रांग. १९७१ पर्यंत इथे रुग्ण होते. ब्रायटनचं इस्पितळ बघून इथे आलं की दोन्ही शुश्रूषेच्या जागा मनात शेजारी-शेजारी राहतात. गावातच दगडी जात्यावर मोहरी वाटणारी गिरणी आहे. आपल्या फोडणीच्या मोहरीपेक्षा हा प्रकार वेगळा, नाकात थेट झणका. चीज घातलेले गुजेर हे छोटे फुगे शाकाहारींना चालतील, अंडं असतं एवढं लक्षात घ्या.

चौथा दिवस: बोन – लिऑन – ओरांज

प्रवासातला सगळ्यांत लांब आणि एकमेव कटकटीचा दिवस, साडेतीनशे किलोमीटर. कटकट म्हणजे लिऑन. नकाशा जवळचा म्हणून फुर्व्हिएरच्या बोगद्यातून शहराच्या पोटात घालतो, आणि तिथे मार्गिका बदलताना उजव्या स्टेअरिंगला मागचं दिसत नाही. ए-६ वर आंसजवळ ए-४६ चा फाटा येतो, पाटीवर 'मार्सेय' लिहिलेलं असतं. तो धरा, पूर्वेकडून वळसा घालून पुन्हा ए-७ ला लागा. सकाळी दहा ते साडेअकरा ही वेळ बरी.

लिऑन सुटलं की हवा पालटते. कौलं बदलतात, सरूच्या झाडांच्या उंच भिंती दिसू लागतात. त्या वारा अडवण्यासाठी लावलेल्या आहेत. ऱ्होनच्या खोऱ्यातून उत्तरेकडून मिस्त्राल नावाचा हा वारा वाहतो तेव्हा आकाश निळंभोर असतं, पाऊस नसतो, म्हणून चालकाला धोका जाणवत नाही. पण ट्रकच्या आडून बाहेर पडताना किंवा पुलावर चढताना गाडी एकदम बाजूला ढकलली जाते. टपावर पेटी असेल तर ११० च्या वर जाऊ नये आणि पेटीचे पट्टे आज पुन्हा आवळावेत. रस्त्याकडेची वाऱ्याची लाल-पांढरी पिशवी आडवी ताठ झालेली दिसली की स्टेअरिंग दोन्ही हातांनी धरा.

वाटेत माँतेलिमार, नुगा या मिठाईसाठी प्रसिद्ध. या गावाचं नाव लावायचं तर त्यात निदान ३० टक्के सुकामेवा आणि गोडव्यात २५ टक्के मध हवा, असा दंडक आहे. पाकिटामागची यादी वाचून घ्या.

ओरांजचं रोमन नाट्यगृह संध्याकाळच्या उन्हात बघावं. रंगमंचामागची भिंत १०३ मीटर लांब आणि ३७ मीटर उंच, अजून उभी. वरच्या पायऱ्यांवर बसून खाली कुणी साधं बोललेलं स्पष्ट ऐकू येतं. ओरांजमध्ये राहणं अविन्योंपेक्षा स्वस्त पडतं आणि गाडी लावायलाही सोपं.

पाचवा दिवस: ओरांज – मार्सेल्स

सव्वाशे किलोमीटर, दीड तास. ए-७ थेट शहराच्या मध्यात येऊन संपतो, म्हणजे हायवेच्या वेगातून एकदम स्कूटरींच्या गर्दीत. आधी सामान हॉटेलवर उतरवा, गाडी तळघरातल्या वाहनतळात लावा आणि परतीपर्यंत तिला हात लावू नका. शहरात मेट्रो, ट्राम, बस पुरेशा आहेत. परदेशी नंबरच्या गाडीत दिसेल असं काहीही, अगदी चार्जरची वायरसुद्धा, ठेवू नये.

माझार्गची युद्ध-दफनभूमी शहराच्या दक्षिण टोकाला, बसने जाता येतं. हिंदी सैनिकांचं स्मारक तिथेच आहे. २६ सप्टेंबर १९१४ रोजी लाहोर डिव्हिजन इथल्या बंदरात उतरली तेव्हा लोकांनी रस्त्याच्या दुतर्फा फुलं दिली होती. फेब्रुवारी २०२५ मध्ये भारताच्या पंतप्रधानांनी आणि फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षांनी इथे एकत्र आदरांजली वाहिली, त्याच दौऱ्यात शहरात भारताचा वाणिज्य दूतावासही सुरू झाला. दफनभूमीच्या वेळा आणि बसचा परतीचा फेरा आधी बघून जा, वर सावली फारशी नाही.

दुपार जुन्या बंदरावर. सकाळी इथे कोळणी थेट होडीतून मासळी विकतात, दहानंतर चांगला माल उरत नाही. बंदराच्या तोंडाशी सँ-जाँचा किल्ला आहे. त्याच्या तटावरून बाहेरच्या मोठ्या गोदीकडे बघत १९१० ची ती सकाळ डोळ्यांपुढे आणता येते. सावरकर पोहून धक्क्याला लागले, फ्रेंच पोलिसांनी त्यांना पकडून पुन्हा बोटीवर दिलं, आणि फ्रान्सच्या भूमीवरून ब्रिटिशांना असं नेता येतं का हा वाद हेगच्या लवादापर्यंत गेला. फेब्रुवारी १९११ मध्ये निकाल ब्रिटनच्या बाजूने लागला.

खाण्यात पानिस चुकवू नका. हरभऱ्याच्या पिठाचं पिठलं शिजवून, थापून, कापून तळलेलं: आपली पाटवडी जणू लसूण-मिरचीविना कढईत सोडली आहे. गरमच खावं, वर मिरपूड. लेस्ताक या बंदरगावातल्या टपऱ्यांवर कागदाच्या पुड्यात मिळतं, आणि पूर्ण शाकाहारी आहे. कालांक या समुद्राकाठच्या कड्यांवर जायचा बेत असेल तर आदल्या संध्याकाळी वणव्याच्या धोक्याची सूचना बघा. वारा आणि कोरडी हवा असेल त्या दिवशी वाटा बंद करतात.

परतीचं

उत्तरेकडे जाताना रोज पाचशे-सहाशे किलोमीटरचे दोन टप्पे पुरतात, मध्ये दिजों किंवा लांग्रला मुक्काम. एकाच दिवसात सगळं ओढायचा मोह टाळा. शेवटचे तीनशे किलोमीटर संध्याकाळचे, समोरून येणाऱ्या दिव्यांचे असतात. कॅलेला आधी फ्रेंच तपासणी, मग ब्रिटिश, त्यामुळे गाडीच्या वेळेआधी दोन तास इथेही धरावेत. १२ एप्रिल २०२५ पासून युरोपातून चीज, लोणी, सॉसेज असं दूधदुभतं आणि मांस ब्रिटनमध्ये नेता येत नाही, म्हणून बोनचं चीज बोनलाच संपवा. मोहरी, नुगा, ऑलिव्हचं तेल, मार्सेल्सचा साबण यांना अडकाठी नाही. हेडलाइटवरच्या पट्ट्या फोकस्टनच्या पहिल्या थांब्यावर सोलून काढा आणि शेजाऱ्याला पहिल्या चौकातच 'डावीकडे' म्हणायला सांगा.